कुत्र्याचा गुडघा कायमचा जोडताना: कोन, काप आणि प्लेट

कुत्र्याचा गुडघा दाखवा म्हटलं की बहुतेक जण मागच्या पायातल्या त्या उलट्या दुमडलेल्या सांध्यावर बोट ठेवतात. तो घोटा. खरा गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या कडेला कातडीच्या घडीत अर्धा लपलेला असतो. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड, पुढे वाटी आणि मध्ये गादीसारख्या दोन चकत्या. निरोगी गुडघा साधारण ४० अंशांपर्यंत मिटतो आणि १६० अंशांच्या आसपास उघडतो. आर्थ्रोडेसिस म्हणजे ही सगळी हालचाल संपवून दोन हाडांचं एक हाड करणं. एकदा केलं की परतीचा रस्ता नाही. त्यामुळे टेबलावर जाण्याआधीची चर्चा बहुतेक वेळा शस्त्रक्रियेपेक्षा लांबते.

आम्ही ही शस्त्रक्रिया अगदी शेवटचा उपाय म्हणूनच ठेवतो. सांध्याच्या आतपर्यंत चुरा झालेलं फ्रॅक्चर, तीन-चार लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे) एकदम तुटून सांधा लटकत राहणं, वाटी वारंवार सरकून आधीच्या सगळ्या दुरुस्त्या फसलेल्या असणं, बसवलेला कृत्रिम गुडघा सैल होणं, किंवा औषधांना दाद न देणारा टोकाचा संधिवात. फक्त क्रूशिएट, म्हणजे सांध्याच्या आतलं फुलीसारखं लिगामेंट तुटलं म्हणून कुणी गुडघा जोडायला घेत असेल तर आधी दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं. त्यासाठी पाय नीट चालता ठेवणाऱ्या कितीतरी चांगल्या शस्त्रक्रिया आहेत.

गुडघ्याआधी आम्ही खुबा आणि घोटा तपासतो. गुडघा थांबला की त्याचं काम या दोघांच्या अंगावर पडतं. खुब्यात डिस्प्लेसिया (सांध्याची सदोष, सैल घडण) असेल, घोटा आधीच आखडलेला असेल, तर जोडलेला गुडघा त्या कुत्र्याला आगीतून फुफाट्यात टाकतो. मग पाठीचा कणा, बाकीचे तीन पाय, नसांच्या प्रतिक्रिया आणि वजन. सांध्यात जुना संसर्ग असल्याची शंका असेल तर सुईने सांध्यातलं पाणी काढून पेशी तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखणं). संसर्ग चालू असताना धातू आत ठेवला तर जंतू प्लेटवर चिकट थर करून बसतात आणि मग प्लेट काढेपर्यंत कुठलंही अँटिबायोटिक पुरेसं पडत नाही. अशा पायात आधी संसर्ग आटोक्यात आणायचा. सांधा स्थिर ठेवणं भागच असेल तर बाहेरून पिना आणि दांडे लावायचे, आत काही नाही.

पाय काढण्याचा पर्यायही आम्ही स्पष्टपणे मांडतो. पालकांना तो ऐकवत नाही. पण बाकीचे तीन पाय धड असलेला कुत्रा मागचा एक पाय गेल्यावर थोड्याच दिवसांत पळायला लागतो. गुडघा जोडल्यावर मात्र तीन-चार महिने बंधनात काढावे लागतात आणि पाय शेवटी ताठच राहतो. जोडण्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम कारण म्हणजे दुसऱ्या मागच्या पायाचाही भरवसा नसणं.

आता कोन. या शस्त्रक्रियेचं यश-अपयश बहुतांशी करवत लागण्याआधीच ठरतं. कुत्र्यात उभं राहतानाचा गुडघ्याचा कोन बहुधा १३५ ते १४० अंश असतो. मांजरात तो कमी, १२० ते १२५. पण पुस्तकातला आकडा आम्ही सरसकट वापरत नाही. कुत्रा चौरस उभा करून दुसऱ्या पायाचा कोन गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाने) मोजतो. एक पट्टी मांडीच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यापासून गुडघ्याच्या बाहेरच्या गाठीपर्यंत, दुसरी तिथून घोट्याच्या बाहेरच्या हाडापर्यंत. तीनदा मोजून मधलं माप धरायचं. दुखऱ्या पायामुळे कुत्रा दुसऱ्या पायावर रेलून उभा असतो, म्हणून कुणीतरी पोटाखाली हात देऊन वजन सारखं करावं लागतं. नाहीतर सुरुवातच मापात पापाने होते.

काप घेताना हाड जातं आणि पाय थोडा आखूड होतो, म्हणून मोजलेल्या कोनात आम्ही ५ अंशांची भर घालतो, क्वचित १०. त्यापुढे गेलं तर पाय काठीसारखा होतो. पुढे टाकताना बोटं जमिनीला घासतात आणि कुत्रा पाय बाहेरून गोल फिरवत चालतो. कोन कमी पडला तर पंजा जमिनीपर्यंत पोचतच नाही आणि कुत्रा तो पाय उचलूनच धरतो. गुडघ्यापासून पंजापर्यंतचं अंतर २० सेंटिमीटर धरलं तर कोनातली १० अंशांची चूक पंजाला साडेतीन सेंटिमीटर सरकवते. खुबा आणि घोटा यातलं काही भरून काढतात, सगळं नाही.

कापांचं गणित असं. १४० अंश हवे असतील तर १८० वजा १४०, म्हणजे ४० अंशांची वळण दोन कापांत मिळून यायला हवी. आम्ही नडगीचा काप तिच्या लांबीला काटकोनात घेतो आणि पूर्ण ४० अंश मांडीच्या हाडात घालतो. नडगीचं वरचं पठार मागे उतरतं असतं, त्यामुळे काटकोनातला काप पुढून जास्त आणि मागून अगदी पातळ चकती काढतो. मांडीच्या हाडाचं उलट: काप पुढून खालून निघून मागे वर चढतो आणि मागचे गोल कंगोरे जास्त जातात. एक काटकोन आणि एक तिरका एवढंच लक्षात ठेवायचं असल्याने टेबलावर गोंधळ कमी होतो. दोन्ही हाडांत २०-२० अंश वाटून घेणारेही सर्जन आहेत. त्यात चूक काही नाही, पण चुकायला दोन जागा होतात. सांध्याच्या गोलाईनुसार फक्त कूर्चा खरवडून काढायची पद्धत लांबी वाचवते, मात्र गोल आणि सपाट यांचा मेळ नीट बसत नाही आणि हाडाला हाड भिडण्याचं क्षेत्र तुटपुंजं राहतं.

हे सगळं बाजूने घेतलेल्या एक्स-रेवर आखतो. एक्स-रेत मापाची खूण ठेवलेली असली की आकार एकास एक करून घेता येतो. त्या आराखड्यावरून ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून, निर्जंतुक करून ठेवली की आत गेल्यावर प्लेटसाठी चाचपडावं लागत नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल दिल्यावर पाठीच्या कण्यात, एपिड्यूरल मार्गाने, प्रिझर्वेटिव्ह नसलेलं मॉर्फिन किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. सोबत बधिर करणारं औषध दिलं तर टेबलावरची भूल बरीच हलकी ठेवता येते. पहिल्या छेदाआधी अर्धा तास सेफाझोलिन हे अँटिबायोटिक किलोमागे २२ मिलिग्रॅम शिरेतून, आणि त्यानंतर दर ९० मिनिटांनी पुन्हा. ही शस्त्रक्रिया दीड तासात क्वचितच उरकते, म्हणून दुसऱ्या डोसची आठवण करून द्यायला एक माणूस नेमलेला बरा. केस पाठीच्या मध्यापासून घोट्याच्या खालीपर्यंत काढायचे. पाय टांगून धुवायचा आणि नंतर मोकळा राहील असा झाकायचा, कारण तो सारखा फिरवून बघावा लागणार आहे. ग्राफ्टसाठी, म्हणजे जोडात भरायच्या जाळीदार हाडासाठी, खांद्याजवळची जागाही त्याच वेळी तयार करून ठेवायची. मध्येच कुत्र्याला उलटं करून केस काढायची वेळ आली तर निर्जंतुकपणाचे तीन तेरा वाजतात.

छेद मांडीच्या मध्यापासून नडगीच्या मध्यापर्यंत, वाटीच्या बाहेरच्या कडेने. सांधा उघडला की नडगीच्या पुढचा उंचवटा, ज्याला वाटीची दोरी जोडलेली असते, तो करवतीने सुटा करायचा आणि वाटी, दोरी, मांडीचा स्नायू असं सगळं झाकणासारखं वर उलटायचं. आता सांधा समोर दिसतो. पुढची चरबीची गादी, दोन्ही क्रूशिएट आणि चकत्या काढून टाकायच्या. बाजूच्या लिगामेंटना गरजेपुरता हात लावायचा. बाहेरच्या बाजूने बोटं उचलणाऱ्या स्नायूची लांब दोरी सांध्यातूनच जाते. ती शक्यतो वाचवावी. कापावीच लागली तर नंतर शेजारच्या ऊतीला शिवून टाकावी, कारण बोटं उचलायची ताकद पुढे फार लागणार आहे.

दोन जागा धोक्याच्या. सांध्याच्या अगदी पाठीमागे पायाची मुख्य धमनी जाते. करवत मागे निसटली तर ती हमखास सापडते. म्हणून काप घेताना हाडाच्या मागे होमन रिट्रॅक्टर (मागचं मांस दूर धरणारी धातूची पट्टी) घातलेला असलाच पाहिजे आणि शेवटचे एक-दोन मिलिमीटर करवतीऐवजी छिन्नीने हलके तोडलेले बरे. दुसरी जागा बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्याजवळ. तिथून पेरोनिअल नस वळसा घेते. तिला दाब बसला तरी पंजा उलटा पडतो, आणि ताठ गुडघ्याच्या पायात उलटा पडणारा पंजा म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

काप घेण्याआधी एक काम कधीच टाळत नाही. पाय सरळ रेषेत धरून एक के-वायर (हाडात घालायची बारीक ताठ तार) मांडीच्या हाडात आणि एक नडगीच्या हाडात, बाहेरून आत, एकमेकींना समांतर घालतो, कापाच्या जागेपासून दूर. काप झाल्यावर सांध्याच्या सगळ्या जुन्या खुणा नाहीशा होतात. पाय किती वळला, आत गेला की बाहेर, हे डोळ्याने कळत नाही. दोन तारा पुढून आणि वरून बघितल्यावर अजून समांतर दिसत असतील तर पीळ पडलेला नाही आणि पाय कुठल्या बाजूला झुकलेलाही नाही. मागच्या बाजूचा कोन मात्र या तारा सांगत नाहीत, तो वेगळा मोजायचा.

करवत चालू असताना सलाइनची धार सुरू ठेवायची. हाड ४७ अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर राहिलं तरी पेशी मरतात, आणि मेलेलं हाड मेलेल्या हाडाला जुळत नाही. काप कमीत कमी घ्यावा. गुळगुळीत कूर्चा गेली आणि खालचं हाड ठिपक्या-ठिपक्यांनी रक्ताळलं की पुरे. घट्ट, पांढरं, चकाकणारं हाड लागलं तर बारीक ड्रिलने त्यात छिद्रं पाडायची म्हणजे रक्त वर येतं.

मग दोन्ही काप एकमेकांवर ठेवून प्रकाशाकडे धरून बघायचे. सांध्याची पुढून मागे खोली ४० मिलिमीटर धरली, तर ५ अंशांचा फरक एका बाजूला साडेतीन मिलिमीटरची फट ठेवतो. ही फट पुढे असली तर निदान ग्राफ्टने भरून प्लेटने दाबता येते. मागे असली तर तशीच सोडायची नाही. उभ्या कुत्र्याचं वजन गुडघा मिटवायला बघतं. त्यामुळे पुढची बाजू ताणली जाते आणि मागची दाबली जाते. म्हणूनच प्लेट पुढे बसवतो, ती ताण झेलते आणि मागचं हाड दाब झेलतं. मागे हाडाला हाड भिडलंच नसेल तर प्रत्येक पावलाला प्लेट थोडी थोडी वाकते. तार दहा वेळा वाकवली की तुटते, तशीच प्लेटही, फक्त ती काही आठवडे घेते. शिवाय मांडी आणि नडगी या दोन लांब तरफा आहेत, त्यांचा सगळा जोर मधल्या त्या एका जागी येतो. प्लेट तुटली की बोट प्लेटच्या कंपनीकडे दाखवलं जातं. एक्स-रे मात्र बहुधा मागची फट दाखवतो. पुन्हा पातळ चकती काढून पृष्ठभाग जुळवणं जिवावर येतं, पाय आणखी आखूड होतो, तरी ते करावं.

काप जुळले की दोन के-वायर तिरक्या, एकमेकींना छेदून घालून सांधा तात्पुरता पकडायचा आणि कोन पुन्हा मोजायचा. इथे घाई करून कुणाचंही भलं झालेलं नाही. दोन अंश इकडे-तिकडे चालतं. सात-आठ अंश असतील तर तारा काढा.

ग्राफ्ट म्हणजे दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकातून क्युरेटने (धारदार चमच्याने) खरवडलेलं जाळीदार हाड. खुब्याच्या हाडाच्या कडेतूनही मिळतं. काढलेल्या चकत्यांतलं जाळीदार हाडही घ्यावं, अर्थात संसर्गाचा इतिहास नसेल तरच. कूर्चेचा तुकडा मात्र त्यात राहू देऊ नये. ग्राफ्ट कुत्र्याच्याच रक्तात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवायचा. सलाइनच्या वाटीत बुडवला किंवा दिव्याखाली उघडा ठेवला की त्यातल्या जिवंत पेशी मरतात आणि उरतो नुसता चुरा. शक्य तितक्या उशिरा काढावा आणि काढला की लगेच वापरावा.

प्लेट. ३० किलोच्या आसपासच्या कुत्र्यासाठी आम्ही ३.५ मिलिमीटरची ब्रॉड प्लेट घेतो, १० छिद्रांची किंवा त्याहून लांब. छोट्या कुत्र्यासाठी २.७, अगदी राक्षसी जातीसाठी ४.५. दोन्ही हाडांत कमीत कमी चार-चार स्क्रू हवेत, पाच असतील तर उत्तम, आणि प्रत्येक स्क्रू पलीकडच्या कवचापर्यंत गेलेला हवा. ३.५ च्या साध्या स्क्रूला २.५ चा ड्रिल आणि ३.५ चा, आटे पाडणारा टॅप. लॉकिंग (ज्याचं डोकं प्लेटच्या छिद्रात आट्यांनी अडकतं असा) स्क्रू असेल तर ड्रिल २.८ चा. वाटी ज्या खोबणीत सरकते तिच्या दोन्ही कडा आणि नडगीचा पुढचा कणा तासून सपाट केला की प्लेट हाडावर बसते.

प्लेट वाकवताना ४० अंशांची सगळी वळण एकाच छिद्रावर आणू नये. शेजारच्या दोन-तीन जागांवर वाटून, छिद्रांच्या मधल्या भरीव भागात वाकवावी, आणि एकदा वाकवलेली परत सरळ करू नये; धातू तिथेच थकतो. सांध्याच्या रेषेवर रिकामं छिद्र येणं टाळावं. आलंच तर त्यातून तिरका स्क्रू दोन्ही हाडांतून ओढून घ्यावा, म्हणजे कापही दाबला जातो. डीसीपीच्या (स्क्रू आवळताना जोड दाबणाऱ्या प्लेटच्या) छिद्रात स्क्रू कडेला घातला की हाड १ मिलिमीटर ओढलं जातं. पण हा दाब प्लेटच्या जवळ, म्हणजे पुढे पडतो आणि मागची बाजू उघडू पाहतो. म्हणून प्लेट सांध्यावर मिलिमीटरभर उचललेली राहील अशी किंचित जास्त वाकवायची. स्क्रू आवळले की ती खाली बसते आणि मागची फट मिटते.

लांबीत कंजूषी नको. प्लेट जिथे संपते तिथे ताठ आणि लवचिक यांची सीमा होते आणि नडगी बहुधा तिथेच मोडते. प्लेटचं टोक हाडाच्या मध्याच्या पुढे गेलेलं बरं.

तात्पुरत्या तारा काढायच्या, उरलेला ग्राफ्ट दोन्ही बाजूंनी भरायचा. सुटा केलेला उंचवटा प्लेटच्या शेजारी, आत किंवा बाहेर, स्क्रूने बसवायचा. गुडघा हलणार नसला तरी मांडीच्या त्या स्नायूचा एक भाग खुब्यावरूनही जातो, त्यामुळे तो लोंबकळत सोडणं बरोबर नाही; आणि प्लेटवर मांसाचं पांघरूणही त्यानेच येतं. नडगीवर कातडी मुळातच पातळ. ताण देऊन शिवलेली जखम तिथे उसवली की प्लेट उघडी पडते. भुलीतून उठवण्याआधी दोन बाजूंचे एक्स-रे व्हायलाच हवेत. चूक दिसलीच तर ती त्याच दिवशी सुधारायची.

नंतर जाड पॅड केलेलं बँडेज १ ते २ आठवडे, सूज उतरेपर्यंत. नुसत्या मांडीपर्यंतच्या बँडेजने गुडघा स्थिर राहतो हा गैरसमज आहे. त्याची वरची कड नेमकी गुडघ्याशी येते आणि लोलकासारखं वजन त्याच जोडावर लटकतं. स्प्लिंट हवाच असेल तर तो कमरेवरून घेतलेला असावा. पंजाची मधली दोन बोटं उघडी ठेवून रोज बघायची: नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली किंवा बोटं गार लागली तर बँडेज त्याच वेळी उतरवायचं. टाके १० ते १४ दिवसांनी. तोवर जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला शंकू काढायचा नाही.

पहिला एक्स-रे ६ आठवड्यांनी, दुसरा १२ आठवड्यांनी. जोडाची रेषा पुसट होऊन हाडाची जाळी आरपार गेलेली दिसेपर्यंत फक्त पट्ट्यावर, शी-शूपुरतं चालणं. जिने, उड्या, गुळगुळीत फरशी बंद. व्यायाम खुबा आणि घोट्याचा, १० ते १५ वेळा हलक्या हाताने, दिवसातून दोन-तीनदा. पालकांना आम्ही हे करून दाखवतो आणि त्यांच्याकडून करवून घेतो, कारण घरी गेल्यावर सवयीने गुडघाच वाकवायचा प्रयत्न होतो.

बहुतेक कुत्रे काही दिवसांत पाय टेकायला लागतात. घात तिथेच होतो; कुत्रा बरा दिसतो, बंधनं सैल होतात. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी: टेकत असलेला पाय पुन्हा उचलला जाऊ लागला तर स्क्रू सैल झालाय किंवा संसर्ग झालाय असंच धरून चालायचं, एक्स-रे उलटं सांगेपर्यंत. गोळी देऊन आठवडाभर वाट बघण्यात प्लेट जाते.

जोडलेल्या पायाने चालणं वेगळंच दिसतं. कुत्रा कंबर किंचित उचलून पाय बाहेरून फिरवत आणतो, बसताना तो बाजूला पसरतो. खडबडीत रस्त्यावर मधली नखं आणि बोटांचा वरचा भाग घासतो. त्यासाठी मोजा किंवा बूट, पण घरात काढून ठेवायचा, नाहीतर आत ओल धरते. वजन बरगड्या हाताला सहज लागतील इतकंच. वर्षातून एकदा खुबा आणि घोटा तपासायचे. प्लेट त्रास देत नसेल तर आयुष्यभर आत राहू द्यायची. संसर्ग किंवा सैल स्क्रूमुळे काढावी लागलीच, तर रिकाम्या छिद्रांमुळे हाड काही आठवडे कमजोर असतं, म्हणून पुन्हा एकदा ६ ते ८ आठवडे पट्ट्यावरच चालणं.